आधी आई दाखव

"पिल्लाची आई बघितली होती का तुम्ही?" डॉक्टर दर्शना यांनी विचारलं, आणि नलूताई तावड्यांना काय बोलावं ते सुचेना. ही गोष्ट फार क्वचित घडते.

परळच्या त्या लहानशा दवाखान्यात स्टीलच्या टेबलावर टॉवेलात एक तपकिरी पिल्लू पडलं होतं. लॅब्रॅडॉरची मादी, नाव आमसूल. रंग बघून नाव नलूताईंनीच ठेवलेलं. घरी आणल्यापासून ती नुसती झोपून असायची, आणि नलूताई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या, बघा किती शहाणं पिल्लू, आवाज म्हणून नाही. ते शहाणपण नव्हतं, अंगात त्राणच नव्हतं, हे आता समोर दिसत होतं. बाटलीतलं दूध तोंडाच्या कडेने ओघळून जायचं. झोपेत मात्र ती नलूताईंच्या साडीचा पदर तोंडात धरून चोखत राहायची.

"दोन महिन्यांची म्हणून दिली तुम्हाला? दात बघा हिचे. जेमतेम महिन्याची असेल," डॉक्टर म्हणाल्या. "पोटात जंत, अंगावर गोचिडी, रक्त अगदी कमी. मी सलाईन लावते, औषध देते. पण बाटली ती घेत नाहीये. आईला दूध असेल आणि आई निरोगी असेल, तर हिला तिच्याकडे नेणं हाच खरा उपाय. नाहीतर फार आशा धरू नका. कुठे असते आई?"

"कर्जतला. फार्मवर," नलूताई म्हणाल्या.

"बघितलंय तुम्ही फार्म?"

नलूताईंनी आमसूलच्या अंगावरचा टॉवेल सारखा केला. शेजारी त्यांची सून अनुजा उभी होती. ती भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे बघत राहिली. 'मी सांगत होते' असं ती म्हणाली असती, तर नलूताईंना तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

अनुजाने खरंच सांगितलं होतं. ती गिरगावातली, प्रभूंच्या घरातली, कुठलीही वस्तू घेताना चार ठिकाणी वाचून बघणारी. "मम्मी, पिल्लू घेताना त्याची आई आणि जागा बघायची असते. आई न दाखवणाऱ्याकडून घेऊच नये म्हणतात," असं ती म्हणाली होती. त्यावर नलूताईंनी तिला एका वाक्यात गप्प केलं होतं. "अगं, पिल्लू देणारा हितेंद्र आपल्या गावच्या वाडीतला. घरच्या माणसाची चौकशी तुमच्या गिरगावात करत असतील."

हे कोण म्हणालं, तर नलूताई! ज्यांच्या चौकशीने लालबाग-परळमधल्या निम्म्या गावकऱ्यांची लग्नं जमली आणि काहींची वेळेवर मोडली, त्या नलूताई. टेलिफोन खात्यात नोकरी केलेली बाई, समोरच्याकडून माहिती कशी काढायची ते रक्तातच उतरलेलं. स्थळ आलं की गावच्या मंडळातून पहिला निरोप यांना. मग या मुलाच्या ऑफिसखालच्या पानवाल्याशी बोलणार, इस्त्रीवाल्याशी बोलणार, न कळवता घरी जाऊन 'पाणी पिते हं' म्हणत सरळ स्वयंपाकघरात शिरणार. मुलाची आई थोरल्या सुनेचं नाव निघालं की कशी बघते, एवढ्यावरून त्यांनी एक ठरलेलं लग्न थांबवलं होतं. आणि पुढे त्या घराची पुरती शोभा झाली तेव्हा मुलीच्या बापाने यांचे पाय धरले होते. माणसांच्या बाबतीत एवढं नाक असलेली बाई पिल्लाच्या बाबतीत डोळे मिटून बसली. तो राग आता त्यांना आतून खात होता, आणि तो बाहेर कोणावर काढायचा तेही त्यांना पक्कं माहीत होतं.

तसं बघितलं तर पिल्लू घेतलं त्या दिवशी विचारायची सोयच ठेवली नव्हती कोणी. गावच्या मुंबई मंडळाची महिन्याची सभा दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. सभा संपल्यावर हितेंद्र खोका घेऊन आला. पांढराशुभ्र शर्ट, अत्तराचा वास, येताच सगळ्या म्हाताऱ्यांच्या पाया पडला. "काकी, तुम्ही कशाला कर्जतला धक्के खाता? म्हटलं मीच आणून देतो." मग त्याने मंडळाचे अध्यक्ष धोंडूकाका, म्हणजे त्याचे सख्खे चुलते, यांच्या हातात नारळ दिला. ग्रामदेवतेच्या फोटोसमोर धोंडूकाकांनी डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकराच्या घराक ह्या मुक्या जनावर जातासा. तेका सुखात ठेव, देणाऱ्याचा नि घेणाऱ्याचा बरा कर रे म्हाराजा!" आणि हॉलभर माणसं एका आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा!" आता यानंतर कोणत्या तोंडाने विचारणार, की बाबा रे, लस टोचलीस का, आई कुठाय? ते हितेंद्रला विचारणं राहिलं नसतं, देवाला विचारणं झालं असतं. हितेंद्रनेही काही विचारलं नाही. फक्त हळूच म्हणाला, "काकी, जीपे करताय की कॅश?" आणि नलूताईंनी त्याच रात्री मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, की कोणाला पिल्लू हवं असेल तर आपल्या हितेंद्रकडूनच घ्या.

"चांगला माणूस उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो," सलाईनची सुई लावता लावता डॉक्टर सांगत होत्या. "दिवसभर घरी कोण असतं, फिरवणार कोण, आधी कुत्रा पाळलाय का. दोन महिने व्हायच्या आत पिल्लू हातात देत नाही. आई दाखवतो, जमलं तर बापही दाखवतो, त्यांच्या तपासण्या दाखवतो. सरकारी नोंदणी असते त्याच्याकडे. आणि सांगतो, कधी सांभाळणं झालं नाही तर रस्त्यावर सोडू नका, माझ्याकडे परत आणा."

"म्हणजे मुलीच्या बापासारखा," नलूताई म्हणाल्या.

"अगदी तसाच."

सलाईन संपलं आणि नलूताईंनी दवाखान्याच्या दारातूनच हितेंद्रला फोन लावला. पिल्लू आजारी आहे एवढं ऐकून घेऊन तो मधाळ आवाजात म्हणाला, "एवढंच ना काकी? टेन्शन नका घेऊ. बदलून देतो."

"काय करतोस?"

"बदलून देतो ना. दुसरी फिमेल आहे, सेम कलर. ही परत द्या."

नलूताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चप्पल बदलून मिळते. फाटकी नोट बदलून मिळते. पदर चोखत झोपणारा जीव बदलून द्यायला निघाला होता मेला! "हितेंद्र, मला बदलून नको. मला हिची आई दाखव. आत्ता. हिला तिच्याजवळ ठेवायचंय."

"काकी, ती कर्जतला आहे ना..."

"मग कर्जतचा पत्ता दे."

"तिथे रेंज नसते काकी, मी नंतर कॉल करतो हां." आणि फोन बंद.

मग धोंडूकाकांना फोन. त्यांना पुतण्याचा पत्ता माहीत नसेल हे शक्यच नव्हतं. पण काका हळहळले, खोकले आणि शेवटी म्हणाले, "गे नलू, आपलो पोरगो तो. कुत्र्याच्या पिल्लासाठी कित्याक इतक्या ताणतंस? नशिबात आसला तर जगतला."

"आपला पोरगा आहे ना काका? मग आपलेपणाने पत्ता द्या."

काकांनी पत्ता दिला नाही. म्हणाले, मंडळाच्या पुढच्या सभेत विषय घेऊ. नलूताईंनी मनात त्यांना असं काही ऐकवलं, की ते गाऱ्हाण्यात घालण्यासारखं नव्हतं.

अनुजा टॅक्सी थांबवून उभी होती. "मम्मी, घरी जायचं ना?" नलूताई म्हणाल्या, "थांब." आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी तिसरा फोन लावला, हितेंद्रच्या सासूला. मालनबाई परळलाच राहायच्या, स्वभावाने भोळ्या आणि बोलायला लागल्या की थांबत नसत. नलूताईंनी आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग या वर्षीच्या कुळथाच्या पिठाची, मग जावई फार कष्टाळू आहे हो म्हणून दोन शब्द. मालनबाई लगेच खुलल्या. "कष्टाळू आहे, पण काय सांगू, शिवडीहून येतो तेव्हा अंगाला असा वास मारतो ना! माझी पोरगी त्याचे कपडे वेगळे धुते. त्या गोदामात काय ठेवतो कोण जाणे. मिठाच्या गोदामांच्या मागे निळं शटर आहे बघा, मी एकदा डबा द्यायला गेले तर दारातूनच पळाले."

कर्जत नाही, शिवडी! हाकेच्या अंतरावर! नलूताईंनी गोड आवाजात फोन ठेवला आणि टॅक्सीत बसता बसता हितेंद्रच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यातल्या निम्म्या पिढ्या त्यांच्या स्वतःच्या नात्यातल्या निघाल्या असत्या, पण त्याचं त्यांना त्या वेळी भान नव्हतं. आमसूल त्यांच्या मांडीवर होती, टॉवेलात गुंडाळलेली, पोटाशी गरम पाण्याची पिशवी.

निळं शटर अर्धं खाली होतं. बाहेर उभं राहिल्यावरच अनुजाने ओढणी नाकाला लावली. नलूताईंनी शटरवर थाप मारली. आतून हितेंद्रचा आवाज आला, "आला का रे कुत्र्यांचा चिकन वेस्ट? आण आत." नलूताई वाकून आत शिरल्या. गुडघे दुखत होते, पण ते आठवायला सवड नव्हती.

आत एक ट्यूबलाइट आणि भिंतीला लावून कोंबड्यांचे पिंजरे, एकावर एक. वरच्यातलं खाली गळत होतं. बर्फातली म्हणतात ती निळ्या डोळ्यांची दोन कुत्री ओल्या गोणपाटावर जीभ काढून पडली होती, शिवडीच्या उकाड्यात. चपट्या नाकाचं एक घरघरत श्वास घेत होतं. आणि हितेंद्र तिथेही शुभ्र शर्टातच होता, फक्त वरून प्लास्टिकचा एप्रन. नलूताईंना बघून त्याच्या हातातला पाइप खाली पडला.

"काकी... तुम्ही इथे कशा?"

"आई दाखव."

"काकी, हे टेम्पररी आहे, मेन फार्म—"

"हितेंद्र, हिची आई दाखव!"

त्याने कोपऱ्यातल्या खालच्या पिंजऱ्याकडे बोट केलं. तिथे आमसूलच्याच रंगाची एक मादी जाळीवर उभी होती. जाळीत फाकून फाकून तिची बोटं वाकडी झाली होती, नखं आतल्या बाजूला वळली होती, पोट लोंबत होतं. पाठीची हाडं मोजता आली असती. तिच्या पायांत दोन पिल्लं होती.

"नाव काय हिचं?" अनुजाने विचारलं.

"नाव?" हितेंद्रला प्रश्नच कळला नाही. "ब्राऊन फिमेल म्हणतो आम्ही. चांगली आहे हो, प्रत्येक हीटला गाभण राहते. वर्षातून दोनदा पिल्लं देते."

नलूताईंना त्याच्या कानाखाली वाजवायची होती. पण हात मोकळे नव्हते. त्यांनी खाली बसून पिंजऱ्याचं दार उघडलं, आमसूलला तळहातावर घेऊन हात आत घातला आणि म्हणाल्या, "घे गं बाई. तुझी आहे ही."

मादीने पिल्लाकडे बघितलंच नाही. ती हाताकडे बघत होती. उरलेली दोन पिल्लं तिने पाठीमागे ढकलली, स्वतः मागच्या जाळीला चिकटली आणि दात दाखवले. अंग थरथरत होतं. पायांखाली ओलं झालं.

"हात गेला की असंच करते ती," हितेंद्र सहज म्हणाला. "तिला माहितेय ना, हात आला की पिल्लू जातं."

नलूताईंनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. हा मुलगा लहान असताना गावच्या जत्रेत त्यांनी याला कडेवर घेऊन फिरवलं होतं. त्यांना त्याची किळस आली. आणि त्याच्या जोडीला स्वतःचीही, कारण त्या दिवशी दादरला आमसूल पोचली होती, ती असाच एक हात या पिंजऱ्यात जाऊन. त्या हाताला पैसे नलूताईंनीच पुरवले होते.

त्यांनी आमसूलला जाळीवर ठेवलं, हात बाहेर काढला आणि फरशीवर बसूनच मागे सरकल्या. "लांब हो तू," त्या हितेंद्रवर खेकसल्या. "तिला दिसू नकोस."

बराच वेळ काही झालं नाही. मग आमसूल कुईं करून ओरडली. तिचा आवाज नलूताई पहिल्यांदाच ऐकत होत्या. मादी एक पाऊल पुढे आली. हुंगलं. पुन्हा हाताच्या दिशेने बघितलं, हात नव्हता. मग तिने पिल्लाला मानेला धरून झटकन मागे ओढलं आणि त्याच्यावर वाकून चाटायला सुरुवात केली. थोड्या वेळाने आमसूल पोटाशी शिरली आणि चुटचुट पिऊ लागली. अनुजा रडत होती. नलूताईंना रडू आलं नाही, नुसता राग येत होता.

अनुजाने डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, पिते आहे तर पिऊ द्या, कोणालाही हलवू नका. त्यांच्या ओळखीच्या प्राणीसंस्थेची गाडी निघते आहे, पोलिसांनाही कळवलंय, गाडी येईपर्यंत तिथून हलू नका, नाहीतर तो सगळं दुसरीकडे नेईल.

नलूताईंनी कोपऱ्यातलं प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि शटरच्या मधोमध बसल्या. हितेंद्रने आधी विनवण्या केल्या, मग आवाज चढवला, मग धोंडूकाकांना फोन लावून तो नलूताईंच्या कानाला लावला.

"नलू, भायर ये," काका म्हणाले. "पोलीस कित्याक? गावाचा नाव जाताला."

"जाऊ दे नाव. तुमी हयसर येवा काका, नि एकदा नाकान वास घेवा. मगे सांगा माका नावाचा."

काकांनी फोन ठेवला. नलूताईंनी तो फोन परत दिला नाही, मांडीवर ठेवून घेतला. तेवढ्यात तो वाजला. पडद्यावर नाव आलं: प्रिती गिरगाव, नलूकाकींकडून.

मंडळातल्या गिरगावच्या प्रितीने ग्रुपवरचा त्यांचा तो मेसेज वाचला होता तर. त्यांनी फोन उचलला.

"दादा, मी दादरला येऊन थांबलेय, पपी आणताय ना?" प्रिती घाईत होती.

"प्रिती, मी नलूकाकी बोलतेय. इथे शिवडीला आहे मी, गोदामात. घेऊ नकोस ते पिल्लू. अगं, इथे काय आहे बघायचंस तर..." आणि त्यांनी सांगितलं. पिंजरे सांगितले, जाळी सांगितली, ती वाकडी बोटं सांगितली. हाताला बघून मादी कशी भिंतीला चिकटली तेही सांगितलं. "मी तुला त्याच्याकडून घे म्हटलं, ते माझं चुकलं. इथे ये आणि आधी तिला बघ."

नलूताईंना वाटलं, कळलं पोरीला.

"बाई गं, किती वाईट," प्रिती म्हणाली. "पण काकी, आज माझ्या लेकाचा, पिल्लूचा बर्थडे आहे ना, घरी पाहुणे सगळे जमलेत. त्याला सांगून बसलोय आम्ही. ती आई बघून मी काय करणार सांगा? ठीक आहे, याच्याकडून नको. इथे प्लाझा थिएटरच्या मागे अजून एक जण देतो म्हणे, अर्ध्या तासात आणून देतो. त्याच्याकडून घेते."

"प्रिती!"

"सॉरी काकी, टॅक्सी थांबवलीय. ठेवते हं."

"ठेवू नकोस! कोण तो? नाव सांग त्याचं!" नलूताई स्टुलावरून उठल्या. शटर डोक्याला लागलं, तरी त्यांना कळलं नाही. "कुठे ठेवतो तो पिल्लांच्या आया, विचारलंस? प्रिती, ऐकतेस का? हातात घेऊ नकोस त्याला, मी येते... प्रिती!"

फोन केव्हाच बंद झाला होता.